पाठपोट चिठ्ठी

बाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“मी वाक्यं रचली नाहीत,” त्या म्हणाल्या. “तेवढं सिद्ध करून द्या. परवा अकरा वाजता बैठक आहे. त्यानंतर काही उपयोग नाही.”

भावजींनी वहीत ‘वाक्यं रचली नाहीत’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. म्हणजे काय, ते त्यांना कळलं नव्हतं. पण न कळलेल्या गोष्टीखाली ते नेहमीच रेघ मारायचे.

समोरच्या टेबलामागे वहिनी बसल्या होत्या. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खाजगी तपासाचं काम सुरू केलं, आणि धाकटा दीर मदतीला आला. त्याचं औषधांचं दुकान मुलाकडे गेलं होतं आणि घरात त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. तो वहिनी म्हणायचा म्हणून अशिलंही वहिनीच म्हणू लागली, आणि त्या त्याला भावजी म्हणायच्या म्हणून त्याचंही नाव तेच पडलं.

“पहिल्यापासून सांगा,” वहिनी म्हणाल्या. “भावजींना समजेल असं.”

बाई शब्दकोशाच्या कार्यालयात सहायक होत्या. बावीस वर्षं. मुख्य संपादकांना सगळे आबा म्हणत. कोशात प्रत्येक शब्दाखाली अर्थ, आणि अर्थाखाली तो शब्द वापरलेलं एक वाक्य. ते वाक्य कुणीतरी खरोखर बोललेलं किंवा लिहिलेलं असलं पाहिजे, हा आबांचा नियम होता.

“मनचं वाक्य घालणं हे आमच्यात सगळ्यांत मोठं पाप,” बाई म्हणाल्या.

“गोळीऐवजी खडू विकल्यासारखं,” भावजी म्हणाले.

“तसंच. दोन महिन्यांपूर्वी आबा गेले. आणि तीन आठवड्यांपूर्वी माझ्या खणात, माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर, हे सापडलं.”

त्यांनी पर्समधून घडी केलेली एक झेरॉक्स काढली. थरथरीत पण सुबक अक्षरांत तीन ओळी होत्या. वहिनींनी त्या मोठ्यानं वाचल्या.

“‘यामागच्या एकोणीस चिठ्ठ्यांतली उदाहरणे रचलेली आहेत. मी स्वतः तपासली. हे करणाऱ्याचे नाव कोशावर येता कामा नये.’”

बाईंनी मान खाली घातली.

“अक्षर आबांचं?”

“त्यांचंच. कोशाच्या मंडळानं तज्ज्ञालाही दाखवलं. आणि मला वेगळा तज्ज्ञ कशाला हवा? बावीस वर्षं तेच अक्षर वाचतेय.”

“मूळ चिठ्ठी पाहिलीत?”

“नाही. ती अध्यक्षांच्या कपाटात आहे. मला ही झेरॉक्स तेवढी दिली. शब्द होता ‘पाठपोट’. त्यामागच्या एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या माझ्या आहेत.”

“पाठपोट म्हणजे?” भावजींनी विचारलं.

हे विचारल्यावर बाई पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसल्या. “कागदाच्या दोन्ही बाजूंना. पाठपोट लिहिलं, पाठपोट छापलं. हल्ली सगळे दोन्ही साइडला म्हणतात. आबा म्हणायचे, कागदालाही माणसासारखं पोट असतं नि पाठ असते. आमच्या कार्यालयात चिठ्ठीची पुढची बाजू म्हणजे पोट आणि मागची ती पाठ. मला वाक्य मिळालं होतं छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराकडून. ‘पाठपोट छापा, कागद निम्मा लागेल.’ आता तो छापखाना नाही नि कामगारही नाही. बोललेल्या वाक्याला सोळा वर्षांनी साक्षीदार कुठून आणू?”

भावजींनी झेरॉक्स हातात घेतली. तीन ओळींखाली, कागदाच्या तळाशी मधोमध, एक गोल काळा डाग होता. त्यांनी तो अंगठ्यानं पुसून पाहिला. निघाला नाही.

“मशीनची काच घाण असणार,” ते म्हणाले.

वहिनींनी झेरॉक्स परत घेतली आणि त्या डागाकडे नको इतका वेळ बघत राहिल्या.

“नोकरी गेली तर जाऊ दे,” बाई दाराशी जाऊन वळल्या. “पण आबांना माझ्याबद्दल खरंच असं वाटलं होतं का, तेवढं मला कळायला हवं.”

कोशाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. भावजी वर पोहोचेपर्यंत वहिनींनी टायपिस्ट बाईंशी ओळख काढून चहासुद्धा मागवला होता.

चारही भिंतींना लाकडी खणांची कपाटं होती. टायपिस्ट बाईंनी एक खण बाहेर ओढला. आत हाताच्या पंजाएवढ्या शेकडो चिठ्ठ्या उभ्या होत्या, आणि खणाच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पितळी सळई त्यांना ओवून गेली होती.

“भोकं इथं पाडता?” वहिनींनी विचारलं.

“नाही हो, पाकिटातून पाडूनच येतात. खालच्या कडेला मधोमध एकच. सळई काढल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही. आणि सळई काढली की आबांचा आवाज चढायचा. शंभर वेळा काढली की चिठ्ठ्या इकडच्या तिकडे होतात म्हणायचे.”

“मग पाठ कशी वाचायची?”

“ही अशी.” टायपिस्ट बाईंनी एक चिठ्ठी बोटानं आपल्याकडे पाडली. ती सळईवरच आडवी झाली आणि तिची पाठ वर आली. तिच्यावर आबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्थ अपुरा. पुन्हा पाहा.’ “न काढता वाचता येते. आबा सगळे शेरे असेच पाठीवर लिहायचे. खूपच मोठं काही सांगायचं असलं, तर कोरी चिठ्ठी पुढे घालायचे.”

भावजींनी तीन-चार चिठ्ठ्या पाडून पाहिल्या. त्यांना तो खेळ आवडला.

“खण कोणाचा कुठला, ते ठरलेलं असतं?” वहिनींनी विचारलं.

“अक्षरवार. ‘प’ ताईंचा, म्हणजे तुमच्याकडे आलेल्या बाईंचा, ‘न’ सरांचा. वाक्यं गोळा करायची ती या दोघांनीच. मी नुसती टाइप करते. आबा तपासायचे.” टायपिस्ट बाईंनी आवाज खाली आणला. “मला तर अजून खरं वाटत नाही. ताई एका शब्दासाठी दोन-दोन दिवस गवंड्यांच्या मागे हिंडायच्या.”

“चिठ्ठ्या पुरतात ना?”

“आबा गेले त्याच आठवड्यात जुनं पाकीट संपलं. नवीन आणलं, पण त्याचा कागद पांढराफटक आहे. जुना कसा सायीसारखा होता. आबा असते तर परत पाठवलं असतं.”

सर म्हणजे सहसंपादक. त्यांची खोली काचेची होती. सहा वर्षांपूर्वी ते एका विद्यापीठातून आले होते. बोलणं मऊ, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“मला फार वाईट वाटतं,” ते म्हणाले. “बाईंना मी मोठ्या बहिणीसारखं मानतो. पण आबांचं अक्षर आहे. त्यापुढे आपण काय बोलणार?”

“ती चिठ्ठी दुसरीकडून आणून तिथं कुणी घातली नसेल?” भावजींनी विचारलं. आपला प्रश्न बिनतोड आहे असं त्यांना वाटलं.

“सुटी चिठ्ठी असती तर मीही तेच म्हटलं असतं,” सर लगेच म्हणाले. “पण शेरा त्यांच्याच चिठ्ठीच्या पाठीवर आहे. पुढे त्यांचा शब्द, त्यांचं अक्षर. कागदाची एक बाजू हलवून दुसरी जागेवर ठेवता येते का?”

भावजींनी वहीत रेघ मारली.

“तुम्ही पाठीवर लिहिता का हो, सर?” वहिनींनी विचारलं.

“कधीच नाही. जागा संपली की मी दुसरी चिठ्ठी घेतो. ही पाठीची पद्धत आबांची. जुन्या माणसांना कागद वाया घालवलेला खपत नाही.”

“तुमचा ‘न’ बघू का? नुसती उत्सुकता.”

सरांनी उठून खण ओढला. सायीच्या रंगाच्या चिठ्ठ्यांमध्ये मध्यावर एक पांढरी पट्टी उठून दिसत होती.

“त्या फाटल्या होत्या,” सर म्हणाले. “पुन्हा लिहून काढल्या.”

“असं होय,” म्हणत वहिनींनी त्या पांढऱ्या चिठ्ठ्यांच्या कडांवरून हळूहळू नख फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते. भावजींना वाटलं, वहिनींचं वय झालं.

आबांचा मुलगा दातांचा डॉक्टर होता. त्यानं एका पेशंटच्या तोंडात कापूस भरला आणि दहा मिनिटं दिली.

“शेवटच्या दोन दिवसांत बाबांना नीट बोलता येत नव्हतं,” तो म्हणाला. “पण एवढं स्पष्ट म्हणाले, ‘कुणीतरी उदाहरणं रचलीत. मी लिहून खणात ठेवलंय.’ ‘कुणी?’ असं विचारलं, तर डोळे मिटून घेतले. फार लागलं होतं त्यांना.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं?”

“महिन्याभरानं अध्यक्षांना सांगितलं. कार्यालयातच. ताई होत्या, सर होते, टायपिस्ट बाई होत्या. अध्यक्ष म्हणाले, सगळे खण तपासू. पण ते परगावी निघाले होते, त्यामुळे तपासणी झाली पाचव्या दिवशी. तेव्हा मीही सोबत होतो. ‘प’च्या खणात मिळाली.” त्यानं हातमोजे ओढून काढले. “खरं सांगू? मला ती ताईंची निघायला नको होती. आमच्या घरची मुलगीच ती.”

आतून पेशंटनं काहीतरी अस्पष्ट आवाज काढला.

परत जाताना भावजी वही चाळत होते. कोपऱ्यावर येताच त्यांनी मन मोकळं केलं.

“वहिनी, वाईट वाटतं, पण बाईच दोषी दिसतात. अक्षर खरं, चिठ्ठी त्यांची, आणि आबांनी मुलालाही सांगितलं होतं. कोणीच खोटं बोलत नाहीये.”

“अक्षर खरंच आहे,” वहिनी म्हणाल्या. “आबा खोटं बोलले नाहीत, मुलगाही नाही. तुमचं तिथवर बरोबर आहे, भावजी.”

“मग चुकतंय कुठे?”

“तुम्ही डाग पुसत बसलात तिथं.”

भावजींनी रात्री जेवताना दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा त्यांना भाजी वाढण्यात आली.

बैठकीच्या दिवशी अकरा वाजता कार्यालयाच्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, आणि घड्याळ काढून समोर ठेवायची त्यांची सवय गेली नव्हती. एका बाजूला डॉक्टर आणि सर, दुसऱ्या बाजूला टायपिस्ट बाई. सगळ्यांपासून दोन खुर्च्या सोडून बाई बसल्या होत्या. रात्री त्या झोपलेल्या दिसत नव्हत्या.

“पंधरा मिनिटं,” अध्यक्ष म्हणाले.

“पुरे आहेत,” वहिनी म्हणाल्या. “मूळ चिठ्ठी काढा. शेरा वाचता येईल अशी हातात धरा. भोक कुठं आहे?”

अध्यक्षांनी चष्मा वर केला. “खाली. ओळींच्या खाली.”

“आता पान उलटतो तशी उलटा. ‘पाठपोट’ हा शब्द सरळ दिसतोय? भोक कुठं?”

“खालीच. का?”

“भावजी, त्या द्या.”

भावजींनी सकाळीच टायपिस्ट बाईंकडून सळया काढवून, आबांचे शेरे असलेल्या दहा चिठ्ठ्या वेगवेगळ्या खणांतून आणल्या होत्या. देताना त्यातल्या दोन खाली पडल्या.

“कुठलीही घ्या. पोटाकडून शब्द वाचा. भोक?”

“खाली.”

“आता शेरा वाचा.”

अध्यक्षांनी चिठ्ठी उलटली. अक्षरं उलटी आली. त्यांनी ती हातात फिरवली. “भोक वर आलं.”

“दुसरी बघा. तिसरी बघा.”

त्यांनी दहाच्या दहा पाहिल्या. प्रत्येकीत शेऱ्याच्या डोक्यावर भोक होतं.

“चिठ्ठी सळईवरून न काढता आपल्याकडे पाडायची आणि पाठ वाचायची, ही इथली रीत,” वहिनी म्हणाल्या. “पाडली की भोकाची कड वाचणाऱ्यापासून लांब जाते, म्हणजे वर. म्हणून पाठीवरचं लिखाण पोटाच्या उलट्या दिशेनं करावं लागतं. आबांचा हात चाळीस वर्षं तसाच चालला. सळई काढलेली त्यांना चालत नव्हती. मग हा एकच शेरा त्यांनी भोक खाली ठेवून का लिहिला? तो खणात पाडून बघा, उलटा दिसेल.”

“घाईत—” सर म्हणाले.

“भोक खाली ठेवून आबा फक्त एकच बाजू लिहायचे. पोट. हा शेरा त्यांनी लिहिला तेव्हा ही चिठ्ठी कोरी होती, सर. मोठं सांगायचं असलं की ते कोरी चिठ्ठी पुढे घालायचे. तीन आठवडे तुम्ही सगळे जिला पाठ म्हणून वाचताय, ते पोट आहे. तज्ज्ञानं तपासलं तेही तेच, आणि ते खरंच आहे. दुसरी बाजू कुणी तपासली?”

अध्यक्षांनी चिठ्ठी पुन्हा उलटून पाहिली.

“कुणीच नाही. तिथं नुसता एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य होतं, त्यात तपासायचं काय? ती बाजू मागाहून लिहिली. लिहिणाऱ्यापुढे इलाज नव्हता. भोक आधीच पाडलेलं. चिठ्ठी खणात उभी राहायची तर शब्दाखाली भोक हवंच. त्यामुळे दोन्ही बाजूंना ते खाली आलं. झेरॉक्सवर शेऱ्याखाली तो काळा ठिपका, म्हणजे हेच भोक, दिसला, आणि टायपिस्ट बाईंनी मला चिठ्ठी पाडून दाखवली, तेव्हाच ही चिठ्ठी इथल्या रीतीची नाही हे कळलं. बाई, बघा ती. तुमची आहे?”

बाई जागेवरून उठल्या. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली नाही, नुसती वाकून पाहिली. मूळ चिठ्ठी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

“वाक्य माझं आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “अक्षर माझ्यासारखं काढलंय. पण माझं नाही.”

“तुमची खरी चिठ्ठी काढून ही घातली. नुसता शेरा उचलून तुमच्या खणात ठेवला असता, तर कुणीही म्हटलं असतं की ही दुसरीकडून आणली. तुमच्या शब्दाला पाठीशी चिकटवल्यावर ते कोण म्हणणार? सरांनी हे मला स्वतःच समजावून सांगितलं. आणि मागच्या एकोणीस तुमच्याच निघतील असा शब्द मोजून निवडला.”

“तो शेरा मुळात कुठं होता?” अध्यक्षांनी विचारलं.

“वाक्यं गोळा करणारी माणसं दोन. शेरा खरा आहे आणि तो ‘प’मध्ये मागून आला. राहिलं काय? ‘न’च्या खणात मधोमध पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या आहेत. पांढरा कागद आला आबा गेल्यावर. म्हणजे रचलेली वाक्यं नाहीशी करायला त्या जागच्या जुन्या चिठ्ठ्या आबा गेल्यानंतर काढल्या. परवा मी मोजल्या. एकोणीस.”

भावजींना नख आठवलं आणि त्यांनी मनातल्या मनात वहिनींची माफी मागितली.

“आबांनी मुलाला सांगितलं नसतं,” वहिनी पुढे म्हणाल्या, “तर हा शेरा फाडून टाकला असता आणि विषय संपला असता. पण तो आहे हे सगळ्यांना कळलं. सापडायलाच हवा होता. मध्ये पाच दिवस मिळाले.”

सर समोरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांनी आढेवेढे घेतले असते तर भावजींना बरं वाटलं असतं.

“शब्द खरे होते,” ते शेवटी म्हणाले. “सगळे खरे. वाक्यं मिळत नव्हती. आबा रोज विचारायचे. मला वाटलं, असं कुणीतरी कधीतरी म्हटलंच असेल.”

“आणि ताई?” टायपिस्ट बाईंचा आवाज फाटला. “मोठ्या बहिणीसारखं मानत होतात ना?”

सरांनी हातांनी तोंड झाकलं. अध्यक्षांनी घड्याळ उचलून मनगटावर चढवलं आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग ते बाईंकडे वळले. मंडळ लेखी माफी मागेल म्हणाले, कोशाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव जाईल म्हणाले, आणि सरांच्या सहा वर्षांच्या कामाची तपासणी त्यांनीच करावी अशी विनंती केली.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

“म्हणजे आबांनी माझ्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं,” त्या वहिनींना म्हणाल्या.

“एक अक्षरही नाही.”

भावजींना वाटलं, आता त्या हसतील. निदान हायसं तरी वाटेल. पण बाई परत खुर्चीत बसल्या.

“तीन आठवडे मी त्यांना काय काय बोलले मनात,” त्या म्हणाल्या. “त्यांचा फोटो उलटा करून ठेवला. तुमच्याकडे आले तेव्हा सुद्धा विचारलं, आबांना असं वाटलं होतं का. आबा असं लिहिणारच नाहीत, हे मला एकदाही वाटलं नाही, वहिनी. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. माझाच उडाला.”

वहिनींनी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “आई रोज विचारते, ताई का येत नाही म्हणून. मी तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही. गाडी खाली आहे. चला ना.”

बाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या आणि तिथंच चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

“काकू पहिलं हेच विचारतील, इतके दिवस कुठं होतीस म्हणून,” त्या म्हणाल्या. “आणि मला त्यांना खरं सांगावं लागेल.”